पीएचडी, दोन कॉलेजांचे तास आणि पाच ॲप: आवरायला कुठून घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: "पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. विषय जुन्या मराठी नियतकालिकांचा. सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, राहते हडपसरला. नोशन, एव्हरनोट, ट्रेलो, कीप सगळं वापरून पाहिलं, प्रत्येकात थोडं थोडं अडकून पडलंय. पीडीएफ लॅपटॉपवर, फोटो मोबाइलमध्ये, गाइडच्या सूचना व्हॉट्सॲपवर. असं कोणतं एक ॲप घेऊ की सगळं एका ठिकाणी येईल?"

असं एक ॲप नाही, आणि तुम्ही ते शोधणं आजच थांबवावं असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः नोकरी सांभाळून पीएचडी केली. गेली चौदा वर्षं पुण्यात संशोधन करणाऱ्या मुलामुलींचे मसुदे वाचते आहे. त्यांची अडचण बहुतेक वेळा एकच असते: कोणती गोष्ट कुठे राहणार हे ठरलेलं नसतं, त्यामुळे हाताशी असलेल्या ॲपमध्ये ती टाकली जाते. तुमच्या कामात मुळात चारच प्रकारच्या गोष्टी आहेत. तारखा, करायची कामं, वाचलेलं आणि लिहिलेलं. चौघांना चार घरं द्या आणि एकाची वस्तू दुसऱ्याच्या घरात जाऊ देऊ नका.

तारखा आणि कामं लवकर उरकते, कारण तिथे फारसं काही नाही. गूगल कॅलेंडर पुरेसं आहे. दोन्ही कॉलेजांचे तास, जाण्यायेण्याचा वेळ आणि परीक्षांच्या ड्यूट्या सगळं त्यात घाला. हडपसरहून सकाळी निघून पोचायला लागणारा दीड तास कॅलेंडरमध्ये रिकामा दिसत असेल, तर त्या वेळात वाचन होईल अशी समजूत होते आणि रोज संध्याकाळी अपराधी वाटतं. तो दीड तास तिथे रंगवून ठेवा. संशोधन सल्लागार समितीपुढचं सादरीकरण दर सत्राला करावं लागतं, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. ते पुढच्या सगळ्या सत्रांसाठी आत्ताच टाका, आणि त्याच्या पाच आठवडे आधी 'प्रोग्रेस रिपोर्टचा कच्चा मसुदा' अशी वेगळी नोंद करा. प्रवेशाच्या तारखेपासून सहा वर्षं कधी पूर्ण होतात तेही लिहून ठेवा. स्त्री संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, पण ती धरून नियोजन करू नका. आणि गणपतीचे दहा दिवस कॅलेंडरमध्ये मोकळे सोडा. त्या दिवसांत पेठांतल्या ग्रंथालयांत जाऊन बसायचं ठरवलेलं काम होत नाही, हे मी दरवर्षी बघते.

कामांच्या यादीसाठी गूगल टास्क्स घ्या किंवा साधी वही घ्या, मला फरक पडत नाही. फक्त "प्रकरण ३ लिहिणे" हे काम यादीत नको. ते काम एका बैठकीत संपत नाही, म्हणून ते रोज पुढच्या दिवसावर जातं आणि यादी उघडायचीच भीती बसते. "प्रकरण ३, वर्गणीदारांच्या आकड्यांचा परिच्छेद, कच्चा" असं लिहा. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसूनही ते होतं.

आता वाचलेलं. इथे मला जरा थांबायचंय, कारण पीएचडी अडते ती इथेच.

दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस सांगते. सबमिशनला तीन आठवडे राहिलेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. तिसऱ्या प्रकरणात एका संपादकाचं साडेतीन ओळींचं अवतरण होतं, अवतरणचिन्हांत, अगदी नेमकं. तिचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा होता. खाली तळटीप रिकामी. ते अवतरण कुठल्या अंकातलं, कुठल्या पानावरचं, तिला आठवत नव्हतं. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये हजारावर पीडीएफ, निम्म्यांची नावं नुसते आकडे. आम्ही दोघींनी तीन संध्याकाळी शोधलं. शेवटी ते सापडलं एका झेरॉक्सच्या गठ्ठ्यात, आणि झेरॉक्स काढताना पानाचा खालचा भाग कापला गेलेला, त्यामुळे पृष्ठ क्रमांक नाही. तिला पुन्हा ग्रंथालयात जाऊन तो अंक मागवावा लागला. वाचन तिनं उत्तम केलं होतं. फक्त मजकूर आणि त्याचा पत्ता एकमेकांपासून सुटले होते.

हे सुटू नये म्हणून काय करायचं, याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना आपल्या पुण्यातच आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकारानं संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरच्या बृहद्कोशाचं काम सुरू झालं. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द वेचले गेले आणि सुमारे १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोशाचा पहिला भाग छापून आला १९७६ साली. म्हणजे चिठ्ठी लिहिणारे हात वेगळे आणि कित्येक वर्षांनी ती वापरणारे हात वेगळे. तरी काम चालतं, कारण चिठ्ठीवर शब्दाबरोबर तो कुठल्या ग्रंथात कुठे आला आहे ते लिहिलेलं असतं. पत्ता नसलेली चिठ्ठी त्या कपाटात ठेवून उपयोग नाही. तुमच्याही बाबतीत चिठ्ठी लिहिणारी तुम्ही आणि तीन वर्षांनी ती वापरणारी तुम्ही या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असंच धरून चाला.

यासाठी झोटेरो वापरा, म्हणजे संदर्भ, पीडीएफ आणि टिपणं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, २००६ पासून चालू आहे आणि वर्ड, लिबरऑफिस, गूगल डॉक्स तिन्हींशी जोडता येतं. मेंडेली हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणारेही बरेच आहेत आणि त्यांचं काम अडत नाही. पण नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी झोटेरोच सांगते, कारण तुमची सगळी नोंद तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर राहते आणि हवी तेव्हा दुसरीकडे नेता येते. एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ मध्ये मोफत योजनेवर ५० टिपणं आणि एकच वही अशी मर्यादा आणली, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघांची वर्षभराची टिपणं हलवताना फार धावपळ झाली. प्रबंध पाचसहा वर्षं चालतो. तेवढ्या काळात कोणाचे नियम कसे बदलतील ते आपल्या हातात नाही, फाइल कुठे ठेवायची ते मात्र आहे.

२०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून झोटेरोतच पीडीएफ उघडून वाचता येते. वाचताना ओळ रंगवायची, शेजारी आपलं मत लिहायचं, आणि वाचून झालं की 'ॲड नोट फ्रॉम ॲनोटेशन्स' ही आज्ञा द्यायची. रंगवलेल्या सगळ्या ओळी पृष्ठ क्रमांकासह एका टिपणात येतात, आणि त्यातल्या क्रमांकावर टिचकी मारली की पीडीएफचं तेच पान उघडतं. तीन संध्याकाळींचं काम तीन सेकंदांचं होतं.

एक खाचखळगा मात्र आहे आणि जुन्या मराठी छापील साहित्यावर काम करणाऱ्यांना तो हमखास भेटतो. स्कॅन केलेल्या पुस्तकात मुखपृष्ठ हे पीडीएफचं पहिलं पान असतं. मग प्रस्तावनेची पानं, मग मूळ मजकूर. छापील पान ४१ हे पीडीएफचं ५७ वं पान असू शकतं आणि टिपणात ५७ उतरतं. पहिलीच ओळ रंगवल्यावर छापील क्रमांकाशी ताडून पाहा. चुकत असेल तर टिपणाच्या कोपऱ्यातल्या क्रमांकावरून तो दुरुस्त करता येतो. हे विसरल्यामुळे एका प्रबंधातल्या साठेक तळटीपा सोळा पानांनी पुढे सरकलेल्या मी पाहिल्या आहेत. परीक्षकांनी त्यातल्या दोन तपासल्या, दोन्ही चुकीच्या निघाल्या, आणि मग त्यांना सगळ्याचाच संशय आला.

इंग्रजी शोधनिबंधाचा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की झोटेरो बाकीची माहिती स्वतः भरतं. मराठी पुस्तकांचं तसं होत नाही. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) नसतो, नव्यांची माहिती पुष्कळदा अर्धवट येते. ती हातानं भरा, पुस्तक समोर असतानाच, दोन मिनिटं लागतात. लेखकाचं नाव एकदा जसं लिहाल तसंच कायम लिहा. एकदा आद्याक्षरं, एकदा पूर्ण नाव असं झालं की सूचीत एका माणसाचे दोन होतात. 'डॉ.' आणि 'प्रा.' नावात घालू नका. आवृत्तीच्या बाबतीत सावध राहा, कारण आपल्याकडे पुनर्मुद्रणालाही सर्रास आवृत्ती म्हटलं जातं. पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि तुमच्या हातातल्या प्रतीचं वर्ष, दोन्ही टिपून ठेवा. जुन्या पुस्तकावर शकाचं वर्ष (शके) असेल तर ते 'एक्स्ट्रा' या रकान्यात जसंच्या तसं लिहा आणि वर्षाच्या रकान्यात ७८ मिळवून इसवी सन घाला. शके १८०२ म्हणजे १८८०-८१. मूळ अंकावर महिना दिलेला असेल तर दोन वर्षांपैकी नेमकं कोणतं ते तिथल्या तिथे ठरतं, वर्षभरानं ठरत नाही. नियतकालिकाचं 'वर्ष' आणि 'अंक' वेगवेगळ्या रकान्यांत जाऊ द्या. तुमचा सगळा विषयच त्यावर आहे, तेव्हा इथे आळस नको.

मोबाइलमधल्या फोटोंबद्दल. जिथे फोटो काढायची परवानगी आहे तिथे पहिला फोटो कागदाचा काढायचा नाही. आधी एका कोऱ्या चिठ्ठीवर ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक, नियतकालिकाचं नाव, वर्ष, अंक आणि आजची तारीख लिहायची आणि तिचा फोटो काढायचा. पेशवे दफ्तरात काम करणारी माझी एक मैत्रीण रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक असाच आधी टिपते. मग पानं. अंक संपला की पुन्हा कोरी चिठ्ठी. घरी आल्यावर फोटोंच्या रांगेत प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर त्याचा पत्ता असतो. गूगल ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमधून स्कॅन करून एकेका अंकाची एक पीडीएफ केली तर आणखी बरं. पान पूर्ण येतंय ना, पृष्ठ क्रमांकासकट, एवढं मात्र प्रत्येक वेळी बघायचं.

स्कॅन केलेल्या पानात शब्द शोधता येत नाही. ती फाइल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर बाहेर येतो, आणि अलीकडच्या मराठी छपाईचा बऱ्यापैकी शुद्ध येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या खिळ्यांच्या छपाईत जोडाक्षरं गडबडतात. असा मजकूर शोधण्यासाठी वापरा, अवतरणासाठी कधीच नाही. अवतरण मूळ पानावरून, डोळ्यांनी. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या फाइलींनाही शिस्त लागते. तिथे प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते, ती उतरवताना लगेच नाव बदला, नाहीतर सगळ्या प्रबंधांची 'प्रकरण ४' ही एकाच फोल्डरमध्ये एकमेकांत मिसळतात. आणि नियतकालिकांसाठी खिशातून पैसे भरण्याआधी तुमच्या संशोधन केंद्राच्या ग्रंथपालांना भेटा. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना तीतून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं मिळतात. तुम्ही शिकवता ती कॉलेजं तीत नसतील, पण नोंदणी जिथे आहे ते केंद्र असू शकेल.

टिपणांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावते. दुसऱ्याची ओळ उतरवताना अवतरणचिन्हं त्याच क्षणी घाला. स्वतःचं मत लिहिताना पुढे 'मी:' असं लिहा. चिन्हांशिवाय चिकटवलेली ओळ वर्षभरानं आपलीच वाटायला लागते, मनात काही खोट नसताना. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या सुरू होतात. तो आकडा समोर आल्यावर आपली ओळ कुठली आणि परकी कुठली हे शोधत बसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही. चॅटबॉटला संदर्भ विचारण्याचंही इथेच सांगते. तो नसलेले लेख, नसलेले अंक अगदी खऱ्यासारखे सांगतो. ज्याचं पान तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही ते झोटेरोत जाणार नाही, एवढा एक नियम पाळा.

लिहिलेलं. वर्ड किंवा लिबरऑफिस, जे हाताला सवयीचं असेल ते. सूत्रं लिहावी लागणाऱ्या गणित-विज्ञानवाल्यांनी ओव्हरलीफ हे ऑनलाइन लेखनाचं साधन घ्यावं, तुम्हाला त्याची गरज नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, नावाच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमानं लागतात. मसुदा गाइडकडे गेला की ती फाइल गोठली. पुढचं काम नव्या तारखेच्या फाइलमध्ये.

आणि पहिल्या दिवसापासून युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते ती टायपिंगची पद्धत. विद्यापीठाच्या आसपास आणि अप्पा बळवंत चौकात टायपिंग करून देणारे उत्तम काम करतात, पण काही जण अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर छापून छान दिसतो, पण फॉन्ट बदलला की निरर्थक अक्षरं उरतात. त्यात शोध चालत नाही आणि झोटेरोतून आलेल्या तळटीपा वेगळ्याच लिपीत दिसतात. काम देण्याआधी "युनिकोडमध्ये देणार ना?" एवढं विचारा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः टाइप करा. बसमध्ये हात मोकळे नसतील तर जीबोर्ड या गूगलच्या मोबाइल कीबोर्डवर मराठीत बोलून टिपण करता येतं. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, पण विचार निसटत नाही.

गाइडच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, त्या तिथे येऊ द्यात, सरांना किंवा मॅडमना तुम्ही बदलू शकणार नाही. पण त्या तिथे राहू देऊ नका. 'गाइडच्या सूचना' नावाची एकच फाइल करा. व्हॉइस मेसेज आला की त्याच रात्री ऐकून, तारीख घालून, दोनतीन ओळींत त्यात उतरवा. प्रत्यक्ष भेट झाली तर घरी येऊन तीन ओळींची मेल पाठवा: "मॅडम, आज असं असं ठरलं, पुढच्या भेटीआधी मी हे हे करते आहे." चार महिन्यांनी "हे प्रकरण मी काढून टाकायला सांगितलं होतं ना?" असा प्रश्न आला, तर दोघांनाही त्याच कागदावर बघता येतं. नातं बिघडत नाही.

कामाच्या जादा प्रतीबद्दल (बॅकअपबद्दल) माझ्या जिवाला लागलेली गोष्ट सांगते. माझ्या पीएचडीच्या चौथ्या वर्षी, ऑगस्टमधल्या पावसात, दुचाकीवरून येताना सॅकमध्ये पाणी शिरलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला नाही. शेवटची प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. त्या अकरा दिवसांत मी जे लिहिलं होतं ते पुन्हा लिहिलं, पण पहिल्यासारखं ते उतरलं नाही हे मला अजून जाणवतं. त्यामुळे तीन प्रती: लॅपटॉपवर एक, क्लाउडवर एक, आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, जी घरीच राहील, लॅपटॉपच्या बॅगेत कधी जाणार नाही. गूगलचं मोफत खातं १५ जीबीचं, त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात, तेव्हा ग्रंथालयातले फोटो कौटुंबिक फोटोंपासून वेगळे ठेवा. कॉलेजनं दिलेल्या खात्यावर प्रबंध ठेवू नका. तासिका तत्त्वावरची नेमणूक संपली की ते खातं कधी बंद होईल सांगता येत नाही. ऑर्किडलाही (संशोधकाच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या खात्यालाही) स्वतःचाच ईमेल द्या.

झोटेरोच्या बाबतीत एक चूक करू नका: त्याचं मूळ डेटा फोल्डर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका. त्यात नोंदींची फाइल बिघडू शकते. झोटेरोचं स्वतःचं सिंक चालू करा. नोंदी आणि टिपणं कितीही असली तरी ती मोफत सिंक होतात. जोडलेल्या पीडीएफसाठी मात्र ३०० एमबीच मिळतात आणि स्कॅन केलेल्या अंकांनी ते महिन्याभरात भरतात. मग पीडीएफचं सिंक बंद करून नुसत्या नोंदींचं चालू ठेवा, आणि दर आठवड्याला झोटेरो बंद करून त्याचं अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा.

हे सगळं टिकतं ते आठवड्यातल्या एका तासावर. माझा तो रविवारी संध्याकाळी असायचा, स्वयंपाकाच्या आधी. डाउनलोड्स रिकामं करायचं, आठवड्याचे फोटो पत्त्यासह जागेवर लावायचे, सूचनांची फाइल वाचायची, पुढच्या आठवड्याची तीन कामं कॅलेंडरमध्ये प्रत्यक्ष वेळ देऊन बसवायची, हार्ड डिस्क जोडायची. मुलं लहान असताना घरी सांगून ठेवलं होतं की या तासात आई नाही. ज्या रविवारी तो चुकला त्याच्या पुढचा आठवडा नेहमी विस्कटला.

आता नोशन, एव्हरनोट, ट्रेलो आणि कीपमध्ये अडकलेल्याचं काय? ते सगळं एका सुट्टीत नव्या जागी हलवायचा बेत करू नका, तो बेत तुमची दिवाळीची सुट्टी खाऊन टाकेल. चारही ठिकाणांहून एकदा निर्यात करून घ्या आणि 'जुनं' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. या रविवारी झोटेरो बसवा आणि आत्ता ज्या प्रकरणावर काम चालू आहे तेवढेच संदर्भ त्यात भरा, बहुधा ते तीसचाळीसच्या वर नसतील. जुन्यातलं टिपण लिहिताना लागलं, की त्याच वेळी पत्ता तपासून ते आत आणा. पत्ता सापडत नसेल तर ते टिपण बाहेरच राहू द्या आणि ग्रंथालयाच्या पुढच्या फेरीच्या यादीत तो अंक लिहा.